तापलेले इंजिन आणि थकलेला दास

शास्त्रवाचन : १ राजे १९:१-१८, गलतीकरांस ६:१-५



जबलपूरचे नाव निघाले की कोणाला भेडाघाटचे संगमरवरी कडे आठवतात, कोणाला धुवाँधारला उडणारे नर्मदेचे तुषार, तर आपल्यापैकी काहींना लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज आठवते, जेथे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील पाळकांनी शिक्षण घेतले. परंतु सैन्यात मोटार चालवलेल्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, जबलपूर म्हणजे गाडी. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ साली स्थापन झाली. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ ट्रकची बांधणी १९५९ च्या सुमारास तेथेच सुरू झाली. पुढे १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि १९९६ पर्यंत शक्तिमान जबलपुरातून बाहेर पडत राहिला. ‘जोंगा’ ह्या गाडीचे तर नावच येथील कारखान्यांच्या इंग्रजी नावातील अक्षरांवरून पडले आहे.

ज्या शहराने इतकी वाहने घडवली, त्या शहराचा उन्हाळाही वाहनांची परीक्षा पाहणारा आहे. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. नागपूरकडे जाणारी सुमारे २७० किलोमीटरांची वाट लखनादौन, सिवनी आणि कुरईचा घाट ओलांडून जाते. अशा दिवसांत बोनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली गाडी आणि तिच्याभोवती जमून निरनिराळे सल्ले देणारी माणसे, हे दृश्य आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. गाडी तापली, वाफ निघाली, इंजिन बंद पडले. बराच वेळ गेला, इंजिन निवले. आता तरी ते सुरू व्हावे, अशी सर्वांची अपेक्षा असते. पण चावी फिरवली तरी इंजिन दाद देत नाही.

अशा वेळी जाणता मिस्त्री काय करतो, हे आज आपण पाहू या. कारण पवित्र शास्त्रात एक मनुष्य असाच तापून बंद पडलेला आपल्याला भेटतो आणि त्याच्याजवळ आलेला परमेश्वर त्याची परीक्षा ज्या क्रमाने करतो, तो क्रम आपल्या मंडळ्यांनी शिकून घेण्यासारखा आहे.

हा मनुष्य म्हणजे संदेष्टा एलीया. कर्मेल डोंगरावर बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर तो एकटा उभा राहिला. आकाशातून अग्नी उतरला, तीन वर्षांच्या अवर्षणानंतर पाऊस आला आणि हा देवाचा दास आहाबाच्या रथापुढे इज्रेलापर्यंत धावत गेला. आणि दुसऱ्याच अध्यायात काय दिसते? ईजबेलीचा एक निरोप आला आणि तोच एलीया जीव घेऊन पळाला. रानात एक दिवसाची वाट चालून रतामाच्या एका झुडपाखाली तो बसला आणि त्याने देवापाशी मरण मागितले. ज्याच्या प्रार्थनेने आकाश उघडले, त्याला आता उठून उभे राहण्याचीही इच्छा उरली नाही.

भर चढावर गाडी बंद पडते, तसाच कित्येकदा माणूसही मोठ्या कामाच्या भरात किंवा ते संपताच बंद पडतो.

१. आधी निवू द्या

इंजिनात इंधन जळते तेव्हा आतील ज्वालेचे तापमान दोन हजार अंशांच्याही वर जाते. ज्या ॲल्युमिनियमपासून आजची बहुतेक इंजिने घडवतात, तो धातू ६६० अंशांना वितळतो. तरीही इंजिन वितळत नाही, कारण त्याच्या भिंतींच्या आतून पाणी सतत खेळत असते. ते उष्णता उचलून रेडिएटरकडे नेते, तेथे वाऱ्याला देते आणि पुन्हा परत येते. पेट्रोलच्या इंजिनात इंधनाच्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश भाग गाडी चालवण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता धुरावाटे आणि पाण्यावाटे बाहेर गेली नाही, तर जी शक्ती गाडी चालवते तीच तिचा नाश करते.

म्हणून तापलेल्या गाडीपाशी पहिला नियम असा की, काहीही तपासण्यापूर्वी तिला निवू द्यावे. रेडिएटरचे झाकण उघडण्याची घाई करू नये. आतील पाणी दाबाखाली असते आणि त्या दाबामुळे ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि उघडणाऱ्याचे तोंड व हात भाजून निघतात. दुसरी घाई म्हणजे तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणे. त्याने धातू एकाएकी आकसतो आणि जे इंजिन केवळ तापले होते, त्याला चीर जाते.

आता परमेश्वराने एलीयाच्या बाबतीत काय केले ते पाहा. त्याने त्याला फटकारले नाही. कर्मेलावरचा चमत्कार इतक्यात कसा विसरलास, असे विचारले नाही. एलीया झोपला, त्याला देवाने झोपू दिले. दूताने त्याला हलक्या हाताने जागे केले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी त्याच्या उशाशी ठेवले. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवाने त्याला दुसऱ्यांदाही झोपू दिले आणि दुसऱ्यांदाही जेवू घातले. देवाचा पहिला प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनंतर, होरेबाच्या गुहेत.

बंधुभगिनींनो, आपण मंडळीत काय करतो? जी भगिनी वीस वर्षे संडे स्कूल चालवत होती, ती एकाएकी येईनाशी होते. जो वडील मंडळीच्या प्रत्येक कामात पुढे असे, तो शेवटच्या बाकावर बसतो आणि आशीर्वचन होताच निघून जातो. आणि आपण झाकण उघडायला धावतो. “काय झाले? मन कोठे भरकटले? पहिली प्रीती कोठे गेली?” दाबाखाली असलेल्या माणसाला चार लोकांसमोर असा प्रश्न विचारला की जे बाहेर येते, त्याने विचारणाराही भाजतो आणि तो स्वतःही. दुसरे कोणी उपदेशाचे गार पाणी ओततात. त्यांचे वचन खोटे नसते, पण वेळ चुकलेली असते, आणि थकलेल्या मनाला तेथेच चीर जाते.

त्या भगिनीच्या घरी एक वेळचे जेवण घेऊन जा. तिच्या आजारी सासूपाशी एक रात्र बसा, म्हणजे तिला झोप मिळेल. भाकर, पाणी आणि झोप ह्यांना देवाच्या दूताने कमी लेखले नाही.

२. मग क्रमाने तपासा

इंजिन निवले, पण ते सुरू होत नाही. अशा वेळी अनाडी मनुष्य पुन्हा पुन्हा सेल्फ मारतो. त्याने बॅटरी उतरते. आणि हेडमधून गळून सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल, तर त्या जोराने आतला दांडाच वाकतो, कारण हवा दाबली जाते पण पाणी दाबले जात नाही. जाणता मिस्त्री कान देतो आणि एक एक शक्यता बाजूला सारतो.

सेल्फने इंजिन मुळीच फिरत नसेल, तर तो आधी दिवे पाहतो. दिवे मंद असतील तर दोष बॅटरीचा किंवा तिच्या तारांचा असू शकतो. दिवे झगझगीत असूनही इंजिन फिरत नसेल, तर दोष सेल्फमध्ये असू शकतो. पण पान्याने हाताने फिरवूनही इंजिन हलत नसेल, तर ते आतून जाम झाले आहे आणि पुढे जोर करणे म्हणजे उरलेसुरलेही मोडणे होय.

इंजिन फिरते, पण नेहमीपेक्षा हलके आणि भराभर फिरते, तर आतील दाब नाहीसा झाला आहे. बहुधा हेडचे गॅस्केट जळले असते. ते एक पातळ पत्र्यासारखे अस्तर असते, पण आग, पाणी आणि तेल ह्या तिघांना ते आपापल्या जागी ठेवते. ते गेले की तिन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणून मिस्त्री ऑइलची काडी बाहेर काढून पाहतो. तेल दुधाळ चहासारखे दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे.

इंजिन नेहमीसारखे फिरते, पण पेट घेत नाही, तर ठिणगी किंवा पेट्रोल ह्यांपैकी एक पोहोचत नाही. जुन्या अँबॅसडर आणि फियाट गाड्यांत उन्हाने नळीतल्या पेट्रोलचीच वाफ होई आणि चालक पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवून थांबत असत. आजच्या गाड्यांत एखादा सेन्सर उष्णतेने बिघडतो आणि तो शोधण्यास गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात. साधने बदलली, पण क्रम तोच आहे.

पाहा, लक्षण सर्वांचे एकच, की गाडी सुरू होत नाही. कारणे मात्र किती निराळी! एकाला ओले फडके पुरते, दुसऱ्याचे हेड उतरवावे लागते. ओल्या फडक्याच्या दुखण्याला हेड उतरवणे हा जुलूम आहे आणि जळलेल्या गॅस्केटवर ओले फडके ठेवणे ही फसवणूक आहे.

मनुष्याचेही असेच आहे. प्रार्थना होत नाही, उपासनेला यावेसे वाटत नाही, शास्त्र उघडावेसे वाटत नाही, लक्षण एकच. पण एकाचे शरीर थकलेले असते. दुसऱ्याच्या अंतःकरणात न कबूल केलेले पाप असते. तिसऱ्याच्या घरात मृत्यू झालेला असतो आणि त्याला रडायला कोणी वेळच दिलेला नसतो. चौथ्याला विषण्णतेचा आजार झालेला असतो, ज्यावर आज वैद्यकाजवळ औषध आहे. अशा वेळी डॉक्टरांकडे जाणे हे विश्वासाच्या उणेपणाचे चिन्ह नव्हे. आणि कोणी एलीयाप्रमाणे मरणाची भाषा बोलू लागला, तर ती हलक्यावर न घेता त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय साह्य मिळवून द्यावे. ह्या सर्वांना “तुमची प्रार्थना कमी पडते” असे एकच उत्तर देणे म्हणजे बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारणे होय.

देव प्रश्न विचारतो, पण तो एलीयाला आपल्या तोंडाने उत्तर देऊ देतो. तो काय म्हणतो ते ऐकतो. वारा, भूकंप आणि अग्नी होऊन गेल्यावर, अगदी हळू आवाजात, तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि तेच उत्तर पुन्हा ऐकून घेतो. सर्वज्ञ परमेश्वर एका माणसाचे म्हणणे दोनदा ऐकून घेतो, मग आपण अर्धे वाक्य ऐकूनच निदान का करावे?

३. गळती कोठे आहे ते शोधा

समजा, गाडी सुरू झाली. आता निघावे काय? मिस्त्री म्हणतो, नाही. ती बंद का पडली हे कळले, पण ती तापली का हे अजून कळलेले नाही. कदाचित फॅन बेल्ट तुटला असेल. कदाचित थर्मोस्टॅट अडकला असेल. रेडिएटर आतून गाळाने भरला असेल. किंवा पाण्याच्या नळीला बारीकशी चीर असेल आणि तिच्यातून कित्येक दिवस थेंब थेंब पाणी गळत असेल. सपाट रस्त्यावर ते कोणाच्या लक्षात आले नाही. घाट चढताना कळले. दोष घाटाचा वाटला, परंतु गळती घरापासूनच चालू होती.

एलीयाची गळती कोठे होती? ईजबेलीचा निरोप हा घाट होता. पण त्याचे उत्तर लक्षपूर्वक वाचा. दोन्ही वेळा त्याच्या बोलण्याचा शेवट एकाच गोष्टीने होतो, की आता आपण एकटेच उरलो आहोत. आणि तिसऱ्या वचनातील एक लहानसा तपशील सहज नजरेतून सुटतो. बैरशेबा येथे पोहोचल्यावर त्याने आपल्या सेवकाला तेथेच ठेवले आणि पुढे रानात तो एकटा गेला. ज्याला सोबतीची सर्वांत अधिक गरज होती, त्याने आपला शेवटचा सोबती मागे सोडला. मला वाटते, गळती येथे आहे. कर्मेलावरही तो मनाने एकटाच होता. ओबद्याने शंभर संदेष्टे गुहांत लपवून जगवले होते आणि ते एलीयाला सांगितलेही होते. तरीही हिशेब करताना त्याने स्वतःशिवाय कोणाला मोजले नाही.

देवाची दुरुस्ती नेमकी तेथेच होते. इस्राएलात सात हजार जण असे आहेत की ज्यांनी बआलापुढे गुडघा टेकलेला नाही, असे तो त्याला सांगतो. आणि अलीशाला अभिषेक करण्याची आज्ञा देतो. एकटेपणावर देवाने दिलेले औषध म्हणजे एक जिवंत माणूस. अलीशा त्याच्यामागून आला आणि त्याची सेवा करू लागला.

ज्यांनी मंडळीची सारी कामे एकाच दोघांच्या खांद्यांवर ठेवली आहेत, त्यांनी येथे थांबून विचार करावा. तेच पाळक चार गावांच्या उपासना घेतात, तेच पंचायतीचे भांडण मिटवतात, तेच अंत्यविधीला उभे राहतात आणि पगाराची चिंताही तेच वाहतात. त्यांच्या घरची चौकशी वर्षातून एकदा, नाताळच्या फराळापुरती होते. मग एखादे वर्षी ते राजीनामा देतात आणि आपण म्हणतो, अमक्याच्या बोलण्याचा त्यांना राग आला. अमक्याचे बोलणे हा घाट होता, बंधूंनो. पाणी कित्येक वर्षे गळत होते आणि काडी काढून कोणी पाहिले नव्हते.

४. पुन्हा वाटेला लावताना

हेड उघडून, घासून सपाट करून, नवे गॅस्केट घालून जोडलेल्या इंजिनाला कोणी पहिल्याच दिवशी भरल्या ओझ्याने घाट चढवत नाही. थोडे चालवतात, थांबतात, पाणी पाहतात, तेल पाहतात. देवानेही एलीयाला पुन्हा कर्मेलावर उभे केले नाही. त्याला तीन नेमकी कामे दिली : हजाएल, येहू आणि अलीशा ह्यांचा अभिषेक. ती तिन्ही कामे दुसऱ्यांना पुढे आणण्याची होती आणि त्यांतील शेवटच्या कामाने त्याला सोबतीही मिळाला. त्याची सेवा संपली नव्हती. तिचे ओझे वाटले गेले होते.

प्रेषित पौल गलतीकरांना लिहिताना, दोषात सापडलेल्या मनुष्याला सौम्यतेने पूर्ववत करण्यास सांगतो. त्या ठिकाणी त्याने वापरलेले ग्रीक क्रियापद मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातही आले आहे. तेथे याकोब आणि योहान तारवात बसून आपली जाळी नीट करीत आहेत. फाटके जाळे कोळी फेकून देत नाही आणि ओढूनही पाहत नाही. मांडीवर घेतो, फाटलेली जागा बोटांनी चाचपून शोधतो आणि दोरा ओवतो. ज्याने पाप केले त्याच्याशी जर इतक्या सौम्यतेने वागावयाचे आहे, तर जो केवळ थकला आहे त्याच्याशी किती अधिक सौम्यतेने वागले पाहिजे!

येथे दृष्टान्ताची मर्यादाही सांगितली पाहिजे. काही इंजिने दुरुस्तीपलीकडे जातात आणि भंगारात निघतात. मनुष्य कधीही भंगारात निघत नाही. ज्या प्रभूने मोडलेला बोरू तोडून टाकला नाही आणि मिणमिणणारी वात विझवली नाही, त्याच्या मंडळीत “आता ह्याच्यात काही राहिले नाही” असे कोणाविषयीही म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय इंजिन स्वतःचे दुखणे सांगू शकत नाही. मनुष्य सांगू शकतो, जर कोणी त्याच्याजवळ बसून ऐकले तर.

वाचकहो, तुम्ही स्वतःच आज रतामाच्या झुडपाखाली बसला असाल, तर हे समजून घ्या की तेथेही देवाचा दूत येतो आणि तो प्रथम दटावत नाही, जेवू घालतो. आणि तुम्ही बसलेले नसाल, तर ह्या आठवड्यात आपल्या मंडळीच्या हजेरीत कोणाची जागा रिकामी आहे ते पाहा. कोणाला बैरशेबापलीकडे एकट्याला जाऊ दिले आहे काय? त्याच्याकडे जा. प्रश्न घेऊन जाऊ नका. भाकर घेऊन जा. प्रश्नाची वेळ देव आणील.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, तू आम्हाला घडवलेस आणि आमची शक्ती कोठे संपते हे तू जाणतोस. थकलेल्यांना विसावा दे. बरे करणाऱ्या डॉक्टरांच्या हातांना यश दे. आम्हाला घाईच्या निदानापासून राख आणि ऐकणारे कान दे. जे एकटे पडले आहेत त्यांच्याकडे आम्हाला पाठव. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.